भवतालाचं भान आणि स्वतःची सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वसंरक्षणाचे वर्ग घेते. पहिल्या दिवशी लोक येतात ते धरलेला हात कसा सोडवायचा हे शिकायला, पण मी त्या दिवशी शिकवते ते आजूबाजूला कसं बघायचं हे. काहींचा हिरमोड होतो. पण हात धरला जाण्याआधी जे दहा-वीस सेकंद असतात, त्यातच सुटकेच्या सगळ्यात जास्त वाटा मोकळ्या असतात. हात धरला गेला की त्यातल्या एक-दोनच उरतात. वर्गात पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

भवतालाचं भान म्हणजे प्रसंगावधानच ना?

थोडा फरक आहे. प्रसंगावधान लागतं ते प्रसंग ओढवल्यावर. भान त्याच्या आधीचं, प्रसंग अजून लांब असतानाचं.

मिका एंड्सली या अमेरिकी अभियंतीने १९९५ मध्ये याची तीन पायऱ्यांची मांडणी केली. ती पुढे वैमानिकांपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सगळीकडे वापरली गेली. पहिली पायरी म्हणजे गोष्ट नजरेला पडणं, दुसरी म्हणजे तिचा अर्थ लागणं आणि तिसरी म्हणजे आता पुढे काय होईल याचा अंदाज येणं. समजा तुम्ही सायकलवर आहात. कडेला थांबलेल्या गाडीत चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं दिसतं, ही पहिली पायरी. त्या माणसाचा खांदा दाराकडे झुकला, म्हणजे तो उतरणार आहे, ही दुसरी. दार माझ्या वाटेत उघडणार, ही तिसरी. आणि तुम्ही हातभर बाजूला होता. एवढंच.

उदाहरण मुद्दाम चोराचं घेतलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावरच्या अपघातांत मरतात. त्यांतली निम्म्याहून जास्त पायी चालणारी, सायकलवरची किंवा दुचाकीवरची असतात. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाची भीती मनात मोठी असते, पण रोजच्या रोज आपल्या अंगावर येण्याची शक्यता गाडीची जास्त. भान दोन्हींसाठी एकच लागतं.

म्हणजे सतत सावध राहायचं? मला तर त्यानेच थकायला होईल.

थकालच. डोळ्यांत तेल घालून दिवसभर कुणालाच राहता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा का निसटतात हे शोधताना नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक साधी चाचणी बनवली. घड्याळासारखा काटा ठरावीक उडीने पुढे सरकतो, मधूनच एखादी दुप्पट उडी मारतो, ती पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांची अचूकता घसरायला लागली. ते शिकलेले, काळजीपूर्वक काम करणारे लोक होते. लक्षाचा स्वभावच तसा आहे.

जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने मनाच्या सावधपणाला चार रंग दिले होते. पांढरा म्हणजे गाफील. पिवळा म्हणजे निवांत, पण जागा. नारिंगी म्हणजे एका विशिष्ट गोष्टीकडे लक्ष वेधलं गेलेला. लाल म्हणजे आता कृती करायची हे ठरलेला. आपल्याला हवा तो पिवळा. ओळखीच्या रस्त्याने गाडी चालवताना तुम्ही गप्पा मारता, गाणं ऐकता, तरी समोरच्या गाडीचे लाल दिवे लागले की पाय आपोआप ब्रेकवर जातो. पिवळा तो हाच. त्यात भीती नाही. उलट ज्याला आजूबाजूला काय चाललंय ते माहीत असतं, त्याला दचकायची वेळ कमी येते.

मग नेमकं लक्ष कधी द्यायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा: उंबरठ्यावर.

उंबरठा म्हणजे फक्त दाराचा नाही. एका जागेतून दुसऱ्या जागेत, एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याचा प्रत्येक क्षण. इमारतीतून रस्त्यावर येणं, गाडीतून उतरणं, जिना संपून वळण येणं, लिफ्टचं दार उघडणं, पैसे काढून यंत्रापासून वळणं, उजेडातून अंधारात पाऊल टाकणं. अशा वेळी आपलं मन मागच्या जागेतच रेंगाळत असतं आणि हात पिशवीत किल्ली शोधत असतात. ज्याला गैरफायदा घ्यायचा असतो तोही हाच क्षण बघत असतो. अपघातही इथेच होतात.

म्हणून माझी सवय अशी: उंबरठ्यावर एक श्वास थांबायचं, मान वर, डावीकडून उजवीकडे एक नजर, मग पाऊल. दोन सेकंद लागतात. किल्ली दाराशी पोहोचण्याआधी हातात असते. गाडीत बसल्यावर आधी दारं बंद, मग पट्टा, मग बाकीचं. आत बसून फोन बघत राहणं नाही. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. तेवढं कुणी थांबत नाही, थांबूही नये. पण पहिल्या काही क्षणांत आपण जवळजवळ आंधळे असतो, हे माहीत असलं की माणूस चार पावलं उजेडाच्या कडेनं चालतो.

दोन उंबरठ्यांच्या मधे खुशाल आपल्या विचारांत राहा. दिवसभरात असे वीस-तीस क्षण येत असतील. सगळे मिळून फार तर एक मिनिट होतं, म्हणूनच ही सवय टिकते.

संशयास्पद माणूस ओळखायचा कसा?

माणूस ओळखायला जाऊ नका. तिथे आपले पूर्वग्रह काम करतात. कपडे, रंग, भाषा, गरिबी बघून आपण निरपराध माणसाला संशयाने बघतो आणि नीटनेटका, गोड बोलणारा माणूस नजरेतून सुटतो. हे चूक आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने निरुपयोगीही आहे.

बघायचं ते वागणं, आणि त्या जागेच्या नेहमीच्या चालीशी ते जुळतंय का हे. प्रत्येक जागेला एक चाल असते. स्थानकात लोक घाईत असतात, बागेत रमतगमत, वाचनालयात दबक्या आवाजात. बागेत घाईने चालणारा लक्षात येतो, स्थानकात येत नाही. सगळे गाडीच्या दिशेने बघत असताना एकजण प्रवाशांच्या पिशव्यांकडे बघत असेल, तुम्ही थांबलात की कुणी थांबत असेल, उकाड्यात कुणाचा हात खिशातून बाहेरच येत नसेल, तर तिथे लक्ष अडकायला हवं. अडकणं म्हणजे आरोप नव्हे. बहुतेक वेळा त्यामागे साधं कारण निघतं.

नेहमीचं माहीत असणं किती मोलाचं आहे याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे टिली स्मिथ ही १० वर्षांची ब्रिटिश मुलगी. २६ डिसेंबर २००४ ला ती आईवडिलांबरोबर थायलंडमधल्या फुकेत इथल्या किनाऱ्यावर होती. समुद्राला फेस आला होता आणि पाणी वागायला हवं तसं वागत नव्हतं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती त्सुनामीबद्दल शिकली होती. तिने घरच्यांना सांगितलं, ते ऐकेनात तरी लावून धरलं. किनारा रिकामा केला गेला आणि सुमारे शंभर माणसं वाचली. समुद्र तर तिथल्या सगळ्यांनाच दिसत होता.

फोन आणि इयरफोन खरंच इतके वाईट?

वस्तू वाईट नाहीत. पण लक्ष दोन ठिकाणी सारखंच वाटता येतं, हा समज वाईट आहे. डोळे उघडे असले म्हणजे दिसतंच असं नाही. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवून चेंडूच्या फेका मोजायला सांगितलं. मधेच गोरिलाच्या वेशातला माणूस खेळाडूंमधून चालत आला, छाती बडवून गेला. मोजणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो दिसलाच नाही. पुढे एका अमेरिकी विद्यापीठाच्या आवारात एकचाकी सायकलवर रंगीबेरंगी विदूषक फिरवण्यात आला. फोनवर बोलत चालणाऱ्यांपैकी चारातल्या एकालाच तो दिसला होता, आणि तेही फोन हातात धरून नुसतं बोलत होते, पडद्याकडे बघत नव्हते.

मी स्वतः हे एकदा अनुभवलं आहे. निरोप टाइप करत पदपथावरून उतरले आणि मागून आलेल्या सायकलस्वाराने मला चुकवण्याच्या नादात स्वतःला आपटून घेतलं. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं आणि माफी मात्र तोच मागत होता. त्यानंतर माझा नियम: टाइप करायचं तर थांबायचं, भिंतीला पाठ लावायची, काम संपवायचं, मग चालायचं. इयरफोन लावायचाच असेल तर एका कानात, हळू आवाजात. रस्ता ओलांडताना तोही नको.

मनात शंकेची पाल चुकचुकते, पण कारण सांगता येत नाही. विश्वास ठेवू का?

ठेवा. मन बारीकसारीक गोष्टी टिपत असतं आणि त्यांची जुळणी शब्दांत यायच्या आधी अंगावर काटा येतो. ती दर वेळी खरी ठरेल असं नाही. पण हिशेब बघा: पाल खोटी ठरली तर तुमची लिफ्ट चुकेल, पाच मिनिटं जातील, समोरच्याला क्षणभर वाईट वाटेल. खरी ठरली आणि दुर्लक्ष केलंत तर किंमत कितीतरी मोठी.

अडचण बहुधा शंकेची नसतेच, संकोचाची असते. 'त्याला काय वाटेल?' या एका वाक्यापायी माणसं नको त्या लिफ्टमध्ये चढतात. विशेषतः ज्यांना लहानपणापासून सगळ्यांशी गोड वागायला शिकवलंय, त्यांना हे फार जड जातं. मी त्यांना सांगते की कारण देण्याची गरज नाही. 'तुम्ही जा, मी नंतर येते', इतकं पुरे.

एका खुणेकडे मात्र नेहमी लक्ष द्या: लहानशा गोष्टीला दिलेला नकार समोरच्याने ऐकला का? 'पिशवी उचलू का?' 'नको.' 'अहो द्या हो!' आणि हात पिशवीवर. मदत करू पाहणारा भला माणूस नकार ऐकून मागे सरतो. जो सरत नाही, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

कुणीतरी मागे येतंय असं वाटलं तर?

आधी खात्री करा, आणि लपूनछपून नव्हे. मान वळवून सरळ बघा. 'मी तुला पाहिलं आहे' एवढं कळल्यावरच अनेकजण वाट बदलतात, कारण त्यांना बेसावध माणूस हवा असतो. मग रस्ता ओलांडा, थोडं पुढे जाऊन पुन्हा ओलांडा. एकदा तोही ओलांडेल, योगायोग असेल. दोन्ही वेळा ओलांडला तर योगायोग धरून चालू नका. गाडीत असाल तर लागोपाठ चार वेळा एकाच बाजूला वळा. फिरून तिथेच येणारा रस्ता कुणी कामासाठी घेत नाही.

यानंतरची सगळ्यात मोठी चूक म्हणजे घर गाठणं. पावलं घराकडेच ओढतात, मला कळतं, पण घर रिकामं असेल तर तुम्ही एकटेच कोपऱ्यात सापडता आणि शिवाय पत्ता दाखवून बसता. जिथे माणसं आणि उजेड आहे तिथे जा: उघडं दुकान, हॉटेल, दवाखाना, पोलीस ठाणं. आत जाऊन स्पष्ट सांगा, 'एक माणूस माझ्या मागे येतोय, मी इथे थांबू का?' फोन लावा आणि तुम्ही कुठे आहात ते मोठ्याने बोला. आपत्कालीन क्रमांक आधीच पाठ हवा. दुसऱ्या देशात जाणार असाल तर तिथला क्रमांक निघण्याआधीच बघून ठेवा.

तो जवळ आलाच तर अंतर राखा. दोन्ही तळवे छातीसमोर, पुढे करून, 'तिथेच थांबा!' असं पोटातून आवाज काढून म्हणा. वेळ विचारायला, पत्ता विचारायला हाताच्या अंतरात यावं लागत नाही. आणि पैसे किंवा फोन मागत असेल तर देऊन टाका. वस्तू एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा.

ऐन वेळी हातपाय गळाले तर?

गळू शकतात. गोठून जाणं ही शरीराची जुनी प्रतिक्रिया आहे, भित्रेपणा नव्हे. घाबरल्यावर नजर अरुंद होते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, बोटं साधं काम करेनाशी होतात. म्हणून आधी एक लांब श्वास सोडा. घेण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं. मग एक छोटी हालचाल करा, पाऊल मागे घेतलं तरी चालेल. मोठ्याने बोलण्याचा सराव घरात, रिकाम्या खोलीत करून ठेवा. वर्गात निम्म्या लोकांच्या तोंडून पहिल्यांदा 'थांबा' बाहेरच पडत नाही. पाचव्या वेळी भिंती हादरतात.

मोठ्या सभागृहात किंवा कार्यक्रमात गेल्यावर काय बघायचं?

आपण आलो त्याखेरीज दुसरं दार. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात स्टेशन या नाइटक्लबमध्ये कार्यक्रमातल्या आतषबाजीने भिंतीवरच्या फोमने पेट घेतला. इतर दारं होती, पण बहुतेक लोक आले त्याच मुख्य दाराकडे धावले आणि तिथेच अडकले. १०० माणसं गेली. संकटात पाय ओळखीच्या वाटेने जातात, म्हणून दुसरी वाट आधीच ओळखीची करून ठेवायची. बसण्यापूर्वी दोन दारं शोधा आणि मनातल्या मनात तिथवर चालून या.

दुसरी गोष्ट, इतर बसलेत म्हणून बसू नका. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांच्या १९६८ च्या प्रयोगात खोलीत धूर सोडला गेला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर येऊन कळवलं. पण शेजारी दोन माणसं मुद्दाम काहीच न झाल्यासारखी बसवली, तेव्हा फक्त १० टक्के लोक उठले. बाकीचे डोळे चोळत तिथेच बसून राहिले. धोक्याची घंटा वाजली की उठा. खोटी निघाली तर परत येऊन बसता येतं.

आणि गर्दीत?

चेंगराचेंगरीत माणसं बहुधा पायाखाली तुडवली जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून मरतात. २९ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियातल्या सोल शहरात, इटेवॉन भागातल्या अरुंद उतारावर १५९ जण गेले. दर चौरस मीटरला पाचाहून जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो. अर्थात तिथे कुणी मोजत बसत नाही. खूण अशी: चारी बाजूंनी अंगाला अंग लागायला लागलं, हात चेहऱ्यापर्यंत सहज जाईना, की निघायची वेळ झाली. आपण चालतोय की ढकलले जातोय हे कळेनासं झालं, तर उशीर झालाय.

तरीही हात छातीसमोर मुष्टियोद्ध्यासारखे धरा, म्हणजे फुप्फुसांना जागा राहील. पाय सुटू देऊ नका, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. लोंढ्याविरुद्ध जोर लावू नका; लाट ओसरते त्या क्षणाला तिरकं सरकत कडेला जा. ओरडण्यात श्वास घालवू नका.

एवढी काळजी घेऊनही काही झालं, तर चूक माझी?

नाही. हल्ल्याचा दोष हल्ला करणाऱ्याचा, पूर्णपणे. भान हे साधन आहे, परीक्षा नाही. आपल्या माणसावर प्रसंग आला तर 'तुझं लक्ष कुठे होतं?' हा प्रश्न कधीही विचारू नका. तो ऐकलेली माणसं पुढच्या वेळी सांगतच नाहीत.

याला जोडूनच एक गोष्ट, जी वर्गात कुणी विचारत नाही म्हणून मीच काढते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातल्या जवळपास दर तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते आणि त्यातला मोठा वाटा जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचा आहे. उंबरठ्याच्या आतही नेहमीचं काय आणि बदललं काय, हे बघावं लागतं. फोन तपासला जाणं, मैत्रिणींपासून तोडलं जाणं, पैशाचा हिशेब मागितला जाणं, मग भिंतीवर मारलेला ठोसा. हे बदल एकेक करून येतात, म्हणून दिसत नाहीत. कुणा एकाला तरी सगळं माहीत असू द्या आणि कागदपत्रं हाताशी ठेवा.

मुलांना न घाबरवता कसं शिकवू?

खेळातून. कुठेही बसलात की 'डोळे मीट, आता सांग, दार कुठे आहे? लाल कपड्यातलं कोण होतं?' असं विचारा. थोड्या दिवसांत मुलं तुम्हाला हरवतात. 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' हे मात्र पुरेसं नाही, कारण हरवलेल्या मुलाला मदत अनोळखीच करणार असतो. त्याऐवजी सांगा: हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब, तिथूनच लहान मुलं बरोबर असलेली बाई किंवा गणवेशातला माणूस शोध. आणि 'घरी सांगू नकोस' असं कुणीही म्हणालं, ओळखीचं असलं तरी, तर ते आधी घरी सांग.

सराव कसा करू?

आठवडाभर फक्त एकाच उंबरठ्यावर, घराच्या दाराशी, थांबून बघा. पुढच्या आठवड्यात दुसरा जोडा. जपानी रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. बघणं, हात आणि आवाज एकत्र आले की चुका कमी होतात. तुम्हीही मनातल्या मनात म्हणा: 'डावीकडे दोघे, दार मागे, उजेड पुढे.' कमी दिसत असेल तर हेच आवाजावर करा, कमी ऐकू येत असेल तर काचांतली प्रतिबिंबं आणि सावल्या वापरा.

दुसऱ्या कुणावर प्रसंग येताना दिसला तर?

त्रास देणाऱ्याशी भिडायची घाई करू नका. ज्याला त्रास होतोय त्याच्याकडे जा. 'अगं, किती वेळ शोधतेय तुला, चल' असं म्हणत जुन्या ओळखीचं नाटक करा. समोरची व्यक्ती बहुतेकदा लगेच ओळखते आणि तुमच्याबरोबर चालू लागते. गर्दी असेल तर 'कुणीतरी फोन करा' म्हणू नका, कारण कुणीतरी म्हणजे कुणीच नाही. एकाकडे बोट दाखवा: 'निळा शर्ट, तुम्ही, पोलिसांना फोन लावा.' सगळं शांत झाल्यावर लगेच निघून जाऊ नका. तिला विचारा, कुणाला बोलवायचंय का, आणि ते माणूस येईपर्यंत शेजारी बसून राहा.